शिदोरी, मुसाफिरखाना आणि विमानतळावरचं जेवण

गेल्या वर्षी खालाला घेऊन उमऱ्याला निघालो. म्हसावदहून रात्रीची बस, सकाळी मुंबई. विमानतळावरची तपासणी आटोपली तरी विमानाला तीन तास होते. मी म्हटलं, "खाला, चला, कुठेतरी बसून नीट जेवू." हॉटेलच्या दाराशी तिने दरपत्रक वाचून घेतलं आणि मागे फिरली. बाकावर बसून फडकं सोडलं. आत कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. म्हणाली, "तोशा सोबत आहे बेटा. एवढे पैसे कशाला?"

खालाला ठाऊक नसेल, पण तिच्या त्या फडक्याला मोठा इतिहास आहे.

मोगल काळात हजचं बंदर होतं सुरत. लोक त्याला 'बाबुल मक्का', म्हणजे मक्केचं दार म्हणत. बुऱ्हाणपूरहून सुरतेला जाणारी वाट आपल्या नंदुरबारवरून जायची. 1615 मध्ये इंग्रज वकील सर टॉमस रो बुऱ्हाणपूरला गेला तो याच वाटेने. बादशहा अकबराची आत्या गुलबदन बेगम 1576 मध्ये सुरतेहूनच हजला निघाली. शाही काफिल्याची गोष्ट वेगळी. साध्या यात्रेकरूला मात्र वाटेतलं अन्न स्वतःच वाहावं लागे. कुरआनातही हजच्या संदर्भातच शिदोरी सोबत घेण्याची आज्ञा आहे.

पुढे आगबोटी आल्या आणि मुंबई हजचं बंदर झाली. डेकवरचा गरीब प्रवासी तांदूळ, डाळ, तूप घेऊन चढे आणि जहाजावरच चूल मांडून शिजवत असे. गर्दी, कॉलरा, तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावरचं क्वारंटाइन, हे सगळं सोसूनच मक्का दिसे. त्या दिवसांचं उगाच कौतुक करू नये. कित्येक जण परतलेच नाहीत.

बोट कधी सुटेल याचाही नेम नसे. गावाकडून आलेले लोक मुंबईत दिवसेंदिवस अडकून पडत. रस्त्यावर राहत, दलालांच्या हाती लुबाडले जात. म्हणून दानशूरांनी मुसाफिरखाने उभारले. मेमन घराण्यातल्या साबू सिद्दिक यांच्या नावाचा मुसाफिरखाना क्रॉफर्ड मार्केटजवळ उभा राहिला. तिथे आलेला माणूस गिऱ्हाईक नव्हता, तो अल्लाहचा पाहुणा होता. 1995 नंतर मुंबईहून हजची बोट बंद झाली. आज त्या रस्त्याच्या नावात मुसाफिरखाना उरलाय, आजूबाजूला घाऊक बाजार भरतो.

विमानाने प्रवास काही तासांवर आणला, हे मोठंच सुख. पण विमानतळावर थांबलेल्या मुसाफिराला आता दोनच वाटा आहेत: हॉटेलात पैसे मोजा, नाहीतर घरून आणा. मधली तिसरी वाट, कुणीतरी आपुलकीने वाढलेल्या ताटाची, तिथे दिसत नाही. खालाने दूध विकून वर्षानुवर्षं पैसे साठवले होते. एका जेवणाला त्यातले किती द्यायचे, हा तिचा हिशेब कंजुषीचा नव्हता.

मी हॉटेलात गेलो नाही. तिच्याशेजारी बसून अर्धी भाकरी खाल्ली. समोर एक म्हातारे गृहस्थ एहराम बांधून एकटेच बसले होते, हातात नुसती पाण्याची बाटली. खाला उठली आणि उरलेली भाकरी त्यांच्यापुढे धरली. त्यांना मराठी येत नव्हतं. भाकरी मात्र त्यांनी घेतली.

आपल्या समाजात आज हज-उमऱ्याला जाणारे पुष्कळ आहेत, दावतीही जोरात होतात. वाटेवरच्या अनोळखी मुसाफिरासाठी ताट कोण मांडतो, हे मात्र एकदा स्वतःला विचारायला हवं.