सीताबर्डीनंतरचं युद्ध: अप्पासाहेब भोसले आणि महादेव डोंगरातले गोंड

नागपूरच्या भोसल्यांचा पराभव म्हटलं की सीताबर्डीची लढाई (२६-२७ नोव्हेंबर १८१७) आठवते. पण युद्ध तिथे संपलं नाही. पारशिवनीजवळून वाहणारी पेंच ज्या सातपुड्यातून येते, त्याच डोंगररांगांत ते १८१९ पर्यंत चाललं. त्यात गोंड आघाडीवर होते.

मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी अप्पासाहेबांना अटक केली. अलाहाबादकडे नेत असताना मे महिन्यात जबलपूरजवळच्या मुक्कामावरून ते शिपायाच्या वेशात निसटले आणि पचमढीच्या महादेव डोंगरात शिरले. तिथे हर्रईचा गोंड जहागीरदार चैनशाह त्यांच्या पाठीशी उभा राहिला. गंमत अशी, की देवगडचं गोंड राज्य गिळलं होतं ते याच भोसले घराण्याने! इंग्रजांनी अप्पासाहेबांवर मोठं बक्षीस लावलं, तरी गोंडांनी त्यांना धरून दिलं नाही. जुलैमध्ये बैतूलजवळ कॅप्टन स्पार्क्सची तुकडी कापली गेली, स्पार्क्सही मारला गेला.

मग मोठ्या फौजा डोंगरात घुसल्या. फेब्रुवारी १८१९ मध्ये अप्पासाहेब असीरगडाकडे निसटले; एप्रिलमध्ये तो किल्लाही पडला. पुढे पंजाब, मग जोधपूर. तिथेच १८४० मध्ये ते वारले. चैनशाह मात्र इंग्रजांच्या हाती लागला.