रात्रीचा प्रवास कायद्यात कुठे सापडतो?

रात्रीच्या बसमधल्या छेडछाडीचा इतिहास लिहायचा म्हटलं की आपण आधी पोलिसांचे आकडे शोधतो. मी सुरुवात केली कारखाने अधिनियम, १९४८ पासून.

कलम ६६ प्रमाणे स्त्रियांना कामावर ठेवायचं होतं ते सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळेत. राज्य सरकारला वेळ थोडी बदलता येई, पण रात्री १० ते पहाटे ५ बंदच. कारण काय, तर संरक्षण. आता त्याच कलमातला अपवाद बघा. मासळी खारवण्याच्या किंवा डबाबंद करण्याच्या कारखान्यांत कच्चा माल नासू नये म्हणून ही बंदी शिथिल करता येई! मग पाळी सुटल्यावर त्या बाईनं घरी जायचं कसं? कलमात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

२००० मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ही रात्रबंदी रद्द केली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात रात्री ९.३० नंतरच्या कामासाठी स्त्रीची संमती आणि घराच्या दारापर्यंत वाहन, अशा अटी आल्या. पण मूळ कायदा १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरता होता. छोट्या दुकानातली विक्रेती आणि घरकाम करणारी मावशी बसस्टॉपवरच राहिल्या.

म्हणून सांगते, कायदा वाचताना अपवाद आधी वाचा. कोणाला वगळलंय ते तिथेच कळतं, आणि आपला संशोधनप्रश्नही बहुतेक तिथेच सापडतो.