विटकरी गाळापासून सोन्याच्या कणापर्यंत

सातपूरला कामगारांच्या रक्त-लघवीच्या तपासण्या करायला मी लागलो, तेव्हा साखर बघायची म्हणजे लघवी उकळायची. परीक्षानळीत पाच मिली निळं बेनेडिक्ट, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. रंग हिरवा झाला तर साखर थोडी, नारिंगी म्हणजे बरीच, आणि तळाशी विटकरी गाळ बसला की पेशंटला लगेच डॉक्टरांसमोर न्यायचं. तो गाळ तांब्याच्या ऑक्साइडचा.

पण रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. रात्रपाळी उरकून आलेला 160 साखरेचा फिटर निळी नळी बघून निर्धास्त घरी जायचा. याचं मला फार वाईट वाटे. रक्त तपासावं तर शीर टोचा, सेंट्रिफ्यूज फिरवा, रिपोर्टला दुपार. तेवढ्यासाठी त्याचा खाडा व्हायचा.

1962 मध्ये अमेरिकेत लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवून साखर मोजण्याची कल्पना मांडली. रंगाऐवजी करंट! ती माणसाच्या खिशात यायला पंचवीस वर्षं लागली. या एन्झाइमचा क्रियाशील भाग प्रथिनात खोल दडलेला असतो, तिथला इलेक्ट्रॉन बाहेर येत नाही. तो बाहेर आणणारा फेरोसीनचा मध्यस्थ सापडला आणि 1987 मध्ये पेनाएवढा एक्झॅकटेक मीटर बाजारात आला. थेंबभर रक्त, अर्धा मिनिट. माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं पाऊल हेच. तपासणी लॅबच्या वेळेतून सुटली आणि पाळीच्या वेळेत आली.

2003 मध्ये जेरुसलेमच्या इतामार विलनर यांच्या गटानं 1.4 नॅनोमीटरचा सोन्याचा कण थेट एन्झाइमच्या त्या दडलेल्या भागाला जोडला. मध्यस्थाशिवाय सेकंदाला सुमारे पाच हजार इलेक्ट्रॉन बाहेर आले. कार्बन नॅनोट्यूब, ग्राफिन यांवरही भरपूर काम झालं आहे.

तरीही एन्झाइम नाजूकच. पावसाळ्यात मीटरच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर दमटपणानं आकडा चुकू शकतो. म्हणून एन्झाइम वगळून तांब्याच्या ऑक्साइडचे नॅनोकण वापरायचे प्रयोग जगभर चालू आहेत. त्यांना बहुधा बेनेडिक्टसारखंच अल्कधर्मी द्रावण लागतं. रक्ताचा सामू मात्र 7.4. त्यामुळे औषधाच्या दुकानात अजून एन्झाइमचीच पट्टी मिळते.