पाच टक्के कॅशबॅकची क्रेडिट कार्डं: आली कशी, आटली कशी?

कार्डाने केलेल्या खरेदीतली काही रक्कम बँक ग्राहकाला परत देते, तिला कॅशबॅक म्हणतात. अमेरिकेत १९८६ मध्ये आलेल्या डिस्कव्हर कार्डाने ही पद्धत लोकप्रिय केली. भारतात २०१८ मध्ये ॲमेझॉन पे आयसीआयसीआय कार्ड आलं. त्यावर प्राइम सदस्यांना ५ टक्के मिळायचे, पण फक्त ॲमेझॉनवरच्या खरेदीवर.

सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या ‘कॅशबॅक एसबीआय कार्ड’ने ही अट काढली. नारायणगावातून ठिबकचे सुटे भाग मागवा किंवा मंचरहून मोबाइल, संकेतस्थळ कुठलंही असो, ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के परत. महिन्याला कमाल १०,००० रुपये.

हे पैसे येतात कुठून?

ग्राहकाने कार्ड वापरलं की विक्रेत्याला शुल्क द्यावं लागतं. ते साधारण २ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे १,००० रुपयांच्या खरेदीवर सुमारे २० रुपये, आणि त्यातही दोन बँका व कार्ड नेटवर्क असे वाटेकरी. ग्राहकाला मात्र ५० रुपये मिळतात. मधली तूट बँक नवे ग्राहक मिळवण्याचा खर्च म्हणून सोसते. पुढे यातले काही जण बिल थकवतील आणि त्यांच्या व्याजातून ती भरून निघेल, हा हिशोब.

मग हात आखडता का घेतला?

अनेक ग्राहक पूर्ण बिल वेळेवर भरत होते आणि विमा, वीजबिल, शाळेची फी असे मोठे खर्चही कार्डावर टाकत होते. त्यामुळे १ मे २०२३ पासून एसबीआय कार्डने या खर्चांवरचा कॅशबॅक बंद केला. ऑनलाइन खरेदीवरची मर्यादा ५,००० रुपयांवर आणली आणि विमानतळावरच्या लाउंजची सोय काढली. ५ टक्के हा दर तेवढा राहिला. ॲक्सिस बँकेच्या एस कार्डाचा इतर खर्चांवरचा २ टक्के दर २०२४ मध्ये दीड टक्क्यावर आला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डावरच्या कर्जाचा जोखीम भार बँकांसाठी १२५ वरून १५० टक्के केला. म्हणजे तेवढ्याच उधारीसाठी जास्त भांडवल राखून ठेवणं आलं आणि कार्डाचा धंदा महागला.

क्यूआर कोडचं काय?

२०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. आळेफाट्याच्या किराणा दुकानातही ते चालतं. पण लहान दुकानदाराकडून २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क घेतलं जात नाही. शुल्कच नाही, तर कॅशबॅक द्यायला पैसा कुठला?

ग्राहकाने काय पाहावं?

कॅशबॅकचा दर नंतर पाहा. आधी कमाल मर्यादा आणि वगळलेल्या खर्चांची यादी वाचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बिल पूर्ण भरा. २०,००० रुपयांच्या खरेदीवर ५ टक्क्यांनी १,००० रुपये मिळतात. तीच रक्कम थकली, तर महिना साडेतीन टक्के दराने ७०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ८२६ रुपये जातात. दुसऱ्या महिन्यात कॅशबॅक संपून पदरचे पैसे जाऊ लागतात.