वाडीचं मुंबई मंडळ

भाऊच्या धक्क्यावर पाऊल टाका. साल 1936, महिना ऑक्टोबर. पावसाळ्यात बंद असलेली बोट सुरू होऊन थोडेच दिवस झालेत. काल तुम्ही देवगडच्या खाडीतून पडावात बसून बोटीपर्यंत गेलात, वरच्या माणसाने दंडाला धरून ओढून घेतलं, आणि विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै अशी बंदरं मोजत तुम्ही डेकवर पडून राहिलात. हातात पत्र्याची ट्रंक, काखेत वळकटी. आईने दिलेल्या पिशवीत कुळथाचं पीठ आणि सुके बांगडे. खिशात एका कागदावर लालबागच्या चाळीचा पत्ता, शाळामास्तरांच्या अक्षरात.

चाळीचा जिना चढून खोलीच्या दारात उभे राहता तेव्हा आत दहा-बारा माणसं झोपलेली आहेत. भर दुपारी. त्यांची रात्रपाळी झालीय. कोपऱ्यात विडी ओढत बसलेला एक म्हातारा मान वर करून विचारतो, "तू खंयचो? कोणाचो?"

तुम्ही गाव सांगता, वाडी सांगता, बापाचं नाव सांगता. तो ओळख पटवायला आणखी दोन प्रश्न विचारतो: विहीर घराच्या कुठल्या अंगाला, आणि औंदा तुमच्या गणपतीला भजनाची बारी कोणी केली. उत्तरं बरोबर आली की तो पायाने एक ट्रंक सरकवतो आणि तुमच्या ट्रंकेला जागा होते. तेवढ्या जागेचे तुम्ही आता मालक आहात. महिन्याचं भाडं सगळ्यांत वाटून, जेवण शेजारच्या खानावळीत, गिरणीत चिकटवायचं काम आपल्याच गावच्या मुकादमाकडे. ही गावकीची खोली. लालबाग, परळ, भायखळा, डिलाईल रोड इथल्या चाळींत अशा खोल्या मजल्यामजल्यावर आहेत. मुंबईतली पहिली कापडगिरणी 1854 मध्ये उभी राहायला सुरुवात झाली, आणि तेव्हापासून रत्नागिरी जिल्हा या शहराला माणसं पुरवत आला. तुमचा देवगड तालुकाही त्याच जिल्ह्यात; सिंधुदुर्ग वेगळा व्हायला 1 मे 1981 उजाडावा लागेल.

रविवार येऊ द्या. सुटीच्या दिवशी वळकट्या गुंडाळून भिंतीला लागतात, मृदंग खुंटीवरून खाली येतो, झांजा निघतात. शेजारच्या चाळीतले गाववालेही येतात. भजन संपलं की चहा, आणि चहाबरोबर गावची पत्रं मोठ्याने वाचली जातात. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या बांधावरून भांडण लागलं, कोणाच्या बायकोने मनीऑर्डर पोचली नाही म्हणून कळवलंय. यापलीकडे काही नाही. कोणी अध्यक्ष नाही, कोणाकडे शिक्का नाही. लोक आपले जमतात.

आता त्याच खोलीत थोडे दिवस आणखी थांबा, कारण मंडळाचा जन्म तुम्हाला बघायचाय. तो भजनात होत नाही. गावचा एक गडी केईएममध्ये दगावतो. साचेवाला, तिशीतला. गावी बायको, दोन मुलं आणि पठाणाचं कर्ज. रात्री अकरा वाजता माणसं खोलीत परततात ती मसणातून. कोणीच जेवत नाही. थोड्या वेळाने तोच म्हातारा डोक्याचं मुंडासं काढून जमिनीवर पसरतो आणि स्वतःजवळचा रुपया त्यावर टाकतो. मग चार आणे, आठ आणे, कोणी दोन आणे. पैसे जमतात. तुम्हाला चार बुकं वाचता येतात हे त्याला ठाऊक आहे. तो तुमच्याकडे वळतो: "कोणी किती दिल्यान तां लिवन ठेव."

तुम्ही गिरणीतल्या जुन्या पावतीबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर नावं लिहिता. नाव, वाडी, आणे. खाली बेरीज. त्याच्याखाली लिहिता की एवढे लाकडांना गेले, एवढे तारेला, उरलेले मनीऑर्डरने घरी. पुढच्या रविवारी मनीऑर्डरची पावती कागदाला टाचून सगळ्यांना दाखवली जाते. आणि भजन सुरू होण्याआधी कोणीतरी म्हणतो की दर महिन्याला दोन आणे आधीच बाजूला टाकूया, पुढच्या वेळी मुंडासं पसरायला नको.

माझ्या मते मंडळ सुरू झालं ते इथे. ते सणासाठी सुरू झालं असं लोक सांगतात, कारण सणाचे फोटो असतात. पण आधी होता तो मयतीचा फंड आणि हिशेब. परक्या शहरात आपण मेलो तर खांदा कोण देईल आणि घरी कोण कळवेल, या भीतीने माणसं एकत्र बांधली गेली.

एक गोष्ट मात्र डोळे उघडे ठेवून बघा. खोली गावाची म्हणतात, पण ती गावातल्या एका वाडीची असते, आणि वाडी म्हणजे जात. तुमच्याच बोटीने आलेला महारवाड्यातला मुलगा या जिन्यावर चढलेला नाही. त्याच्या माणसांनी त्यांच्या खोल्या, त्यांचे फंड वेगळे उभे केलेत. इथून थोड्याच अंतरावर परळच्या दामोदर हॉलमध्ये 9 मार्च 1924 ला बाबासाहेब आंबेडकरांनी बैठक बोलावली आणि त्यातून 20 जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. त्याच हॉलमध्ये पुढे कोकणातल्या कितीतरी मंडळांनी दशावतार, नमन आणि शक्ती-तुरे केले. आपल्या मंडळांच्या आठवणी लिहिताना ही बाजू गाळायची सवय आहे. ती सवय वाईट आहे.

तीस वर्षं पुढे चला. 1967 चा जानेवारी, घाटकोपर पश्चिमेला भटवाडीचा चढ.

शहर उत्तरेला पसरलंय. 1957 मध्ये महापालिकेची हद्द मुलुंड आणि दहिसरपर्यंत गेली. आग्रा रोडच्या कडेने कारखाने उभे आहेत: कुर्ल्याला कमानी आणि प्रीमियर, विक्रोळीला गोदरेज, भांडुपला सिएट आणि जीकेडब्ल्यू. लालबागच्या खोलीत ट्रंकेपुरती जागा होती. इथे डोंगरउतारावर चार बांबू, पत्रा आणि कुडाची भिंत उभी करता येते. म्हणून गड्यांनी बायकामुलं आणलीत. घाटकोपरची असल्फा, भांडुपचा डोंगर, जोगेश्वरीची मेघवाडी, बोरिवलीचं मागाठाणे इथे कोकणातली घरंच्या घरं उतरलीत.

आज संक्रांतीनंतरचा रविवार आहे. एका घरी सत्यनारायण आणि हळदीकुंकू. चढावर धाप लागेल, जपून या. पुरुष बाहेर बाकड्यावर बसलेत आणि लालबागच्या खोलीचं भाडं थकल्याची चर्चा करतायत. तुम्ही आत जा. दहा बाय दहाच्या खोलीत तीसेक बायका दाटीवाटीने बसल्यात. वाण म्हणून प्लास्टिकची गाळणी दिलीत. घरची वहिनी शाळेच्या वहीत प्रत्येकीचं नाव लिहितेय, पुढच्या वर्षी आवतण चुकू नये म्हणून.

ती वही तिच्या खांद्यावरून वाचा. पुरुषांच्या वहीत गड्याचं नाव आणि वर्गणी असते. हिच्या वहीत घर आहे. नवरा कुठल्या कारखान्यात, सासू गावी की इथे, मुलं किती, कोणतं मूल शाळेत जातं, कोण पोटुशी आहे, राहतात भांडुपला की कांदिवलीला, आणि तिथे पोचायला स्टेशनवरून कुठली वाट धरायची. वाचता वाचता बोलणंही कानावर पडेल. असल्फाच्या एकीचे दिवस भरत आलेत, घरात दुसरी बाई नाही. राजावाडी हॉस्पिटलात रात्री कोण बसेल, दिवसा थोरल्या पोरीला कोण सांभाळेल, डबा कोणाकडून, पाण्याचा हंडा कोणी भरायचा, हे दहा मिनिटांत ठरतं. कोणाला ठराव मांडावा लागत नाही. शेवटी भिशीचे पैसे गोळा होतात आणि चिठ्ठी निघते. जिला निघाली ती पत्रे बदलणार आहे.

रविवारचं भजन आणि मयतीचा फंड पुरुषांनी उभा केला. पण शहराच्या चार टोकांना विखुरलेली दोनशे-अडीचशे घरं एका धाग्यात ओवली ती या वहीने. त्या काळातल्या कोणत्याही मंडळाच्या वयस्क सभासदाला विचारा, पहिल्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिका कोणाच्या यादीवरून वाटल्या. उत्तर देताना तो आपल्या आईचं किंवा वहिनीचं नाव घेईल.

पुढची काही वर्षं भराभर जातील. 1976 च्या झोपडपट्टी गणनेत घरांवर नंबर पडतात, फोटोपास मिळतात, आणि डोंगरावरच्या माणसाकडे पहिल्यांदा सरकारी कागद येतो. त्याच सुमारास मंडळालाही कागद हवा असतो. गावच्या शाळेच्या इमारतीसाठी पैसे जमलेत. ते खजिनदाराच्या कपाटात किती दिवस ठेवणार? बँक म्हणते नोंदणी दाखवा. म्हणून एका शाळेच्या वर्गात, मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून, घटना लिहिण्याची सभा भरलीय. शेवटच्या बाकावर बसा.

संस्था नोंदणीचा कायदा 1860 चा, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा 1950 चा. किमान सात सभासदांच्या सह्या, उद्देश, कार्यकारिणी, वार्षिक सभा, हिशेब तपासनीस. गोदरेजमध्ये युनियनचं काम केलेला एक जण फळ्यावर मुद्दे लिहितोय. चौथीपर्यंत शिकलेली गिरणीतली माणसं "कोरम किती धरायचा" यावर तासभर वाद घालतायत. त्यांचं ऐका, मनापासून ऐका. लोकशाही म्हणजे काय ते या माणसांना कोणी शिकवलेलं नाही, आणि ती एकेक कलम स्वतःच्या अनुभवातून मांडतायत. मागच्या वेळी खर्च झाला आणि पावती नव्हती, म्हणून दोन सह्यांशिवाय पैसे काढायचे नाहीत. मागच्या वेळी एकच घर तीन वर्षं अध्यक्षपदी होतं, म्हणून सलग दोनपेक्षा जास्त वेळा नाही.

मग सभासद कोण, हा प्रश्न येतो. गावचा मूळ रहिवासी आणि त्याचा मुलगा. सून? ती घरातच आली. लग्न होऊन गेलेली मुलगी? ती दुसऱ्या गावची झाली. विधवा बाई वर्गणी भरत असेल तर? थोडी शांतता होते. "त्यांनी हळदीकुंकवाचं बघावं," असं कोणीतरी म्हणतो आणि चर्चा पुढे सरकते. वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जे कागद जातात त्यावरच्या साती सह्या पुरुषांच्या असतात. भटवाडीची वही त्या फायलीत नाही.

18 जानेवारी 1982. डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर जातात. इथे फार बोलण्यासारखं काही नाही. गिरणगावच्या खोल्यांत जा आणि खुंट्या रिकाम्या होताना बघा. माणसं गावी जातात ती परत येत नाहीत, किंवा येतात ती भांडुपच्या मेव्हण्याकडे, मालाडच्या भावाकडे, नंतर नालासोपारा-विरारला. वर्गणीच्या वहीत थकबाकीचा रकाना लांबत जातो आणि बहुतेक खजिनदार तो वसूल करत नाहीत. गावकीची खोली हा केंद्रबिंदू मोडला. पण तोवर उपनगरांतल्या घरांची जाळी विणून झाली होती, आणि घरी पगार येत नसताना ती जाळीच कामाला आली. त्या वर्षांत पोळीभाजी, शिवण, पापड यांवर कितीतरी घरं बायकांनी चालवली.

26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू होते. गाव एका रात्रीवर येतं. गणपतीला मुलुंडहून, बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीतून, कुर्ल्याच्या नेहरूनगरहून मंडळांच्या गट आरक्षणाच्या एसट्या थेट वाडीपर्यंत सुटतात. मुलुंडच्या कालिदासमध्ये आणि बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात मंडळांचे कार्यक्रम होतात, दहावी-बारावीच्या मुलांचे गुणगौरव, गावच्या शाळेला वह्या, क्रिकेटचे चषक. पैसा वाढला. त्यातला फार मोठा वाटा देवळांच्या जीर्णोद्धारात गेला आणि अजून जातोय, हे मला पटत नाही. ज्या मंडळांनी नळपाणी, शाळा आणि वाडीचा रस्ता आधी केला, त्यांचा मला जास्त अभिमान वाटतो.

आता अगदी जवळचा मुक्काम. ऑगस्ट 2020. चतुर्थी 22 तारखेला, आणि गावी जाणाऱ्याने दहा दिवस विलगीकरणात राहायचं असा सरकारचा नियम. मुंबईतली माणसं रोजगार गेल्याने घाबरलेली, गावची माणसं साथीने. रात्री दीड वाजता मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटलाय: आमच्याच घरात आम्हाला मज्जाव? भांडुपच्या एका खोलीत बसून मोबाइल बघा. सरचिटणीस लांबलचक मेसेज टाकतोय, पण मार्ग निघतो तो फोनवर, मुंबईची काकी आणि गावची जाऊ यांच्या बोलण्यातून. कुठलं बंद घर उघडायचं, शाळेच्या कुठल्या खोलीत कोणी राहायचं, दारात डबा कोण ठेवेल. पुन्हा तीच यादी, घरांची.

इथून तुम्ही स्वतःच्या काळात परता. भटवाडी, असल्फा, भांडुपचा डोंगर, कन्नमवार नगर सगळीकडे पुनर्विकासाचे फलक लागलेत. घरं रिकामी करताना जुन्या ट्रंका भंगारवाल्याकडे जातात. त्यांत मंडळाची इतिवृत्तं असतात, वर्गणीच्या वह्या, मनीऑर्डरच्या पावत्या, आणि कधीकधी एखाद्या आजीची हळदीकुंकवाची यादी. त्या वह्या फेकू नका. पानापानाचे फोटो काढा, एक प्रत मंडळाकडे आणि एक गावच्या ग्रंथालयात ठेवा. आणि तुमच्या मंडळाच्या घटनेत सभासदाच्या व्याख्येत सून, माहेरवाशीण आणि विधवा बसत नसतील, तर पुढच्या वार्षिक सभेत दुरुस्तीचा ठराव मांडा. सूचना आधी लेखी द्यावी लागते. त्यासाठी अजून वेळ आहे.