इन्सुलिनची किंमत (छत्रपती संभाजीनगर)

इन्सुलिन हे मधुमेहाच्या उपचारात इंजेक्शनद्वारे दिले जाणारे संप्रेरक आहे. प्रकार १ च्या रुग्णांना ते आयुष्यभर घ्यावे लागत असल्याने त्याची किंमत हा त्यांच्या जगण्याशी निगडित प्रश्न ठरतो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे भारतातील इन्सुलिन उत्पादनाचे एक केंद्र आहे.

उत्पादन

इ.स. १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला. संशोधकांनी त्याचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलरला दिले. भारतात मानवी इन्सुलिन दीर्घकाळ मुख्यतः आयात होत असे. इ.स. २००३ मध्ये वोक्हार्ट या मुंबईस्थित कंपनीने ‘वोसुलिन’ हे यीस्ट पेशींपासून तयार केलेले मानवी इन्सुलिन बाजारात आणले. वाळूज औद्योगिक वसाहतीत कंपनीचे जैवतंत्रज्ञान उद्यान आहे.

किंमत नियंत्रण

मानवी इन्सुलिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत असून २०२२ च्या सूचीत दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या ग्लार्जिनचाही समावेश झाला. सूचीतील औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत नियामक प्राधिकरण ठरवते.

खर्चातील फरक व बचत

खर्च इन्सुलिनचा प्रकार आणि साधन यांवर अवलंबून असतो. सामान्यतः मानवी इन्सुलिन नव्या ॲनालॉग इन्सुलिनपेक्षा आणि कुपी पेनच्या कार्ट्रिजपेक्षा स्वस्त पडते. १० मिलीच्या, ४० युनिट प्रति मिली तीव्रतेच्या कुपीत ४०० युनिट असतात. ३ मिलीच्या, १०० युनिट प्रति मिली तीव्रतेच्या कार्ट्रिजमध्ये ३००. त्यामुळे तुलना नगाच्या नव्हे, तर प्रतियुनिट किमतीवर करावी लागते. दररोज ४० युनिट लागणाऱ्या रुग्णाला अशी कुपी दहा दिवस पुरते.

जनऔषधी केंद्रांत जेनेरिक औषधे कमी दरात मिळतात. शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय (घाटी) हे मराठवाड्यातील रुग्णांसाठी प्रमुख सार्वजनिक रुग्णालय आहे.

दक्षता

कुपीची तीव्रता व सिरिंजवरील खुणा जुळणे आवश्यक असते. १०० युनिट प्रति मिलीचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने मोजून घेतल्यास मात्रा अडीचपट होते. पैसे वाचवण्यासाठी मात्रा कमी करणे किंवा डोस चुकवणे धोकादायक असून, प्रकार १ मध्ये त्यातून जीवघेणा कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. स्वस्त पर्यायाकडे वळताना प्रकार व मात्रेतील बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच केला जातो.