हवेवर थंड होणारी होडीची मोटर

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवायचे इंजिन, म्हणजे आउटबोर्ड मोटर, अमेरिकेत आकार घेत असताना कॅमेरॉन वॉटरमन याने १९०५ मध्ये डेट्रॉइट नदीत चाचणी घेतलेले यंत्र मोटारसायकलच्या इंजिनावर बेतलेले, म्हणून हवेनेच थंड होणारे होते. पुढे ओले एविनरूड आदींच्या मोटरींमुळे पाण्याने थंड करण्याची पद्धत रूढ झाली. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयोवा राज्यातील डब्यूक येथील एस्का कंपनीने गवत कापण्याच्या यंत्रांसाठीही इंजिने पुरवणाऱ्या टेकमसे कंपनीची इंजिने वापरून स्वस्त, हवेवर थंड होणाऱ्या मोटरी विकल्या, आणि शौकीन दुर्लक्ष करीत असले तरी या मोटरींचा साधेपणा हा खरा गुण होता.

अशा मोटरीच्या पुनरुज्जीवनात सिलिंडर थंड ठेवण्यासाठी पाणी खेचणाऱ्या पंपाची चिंता नसते. मात्र फ्लायव्हीलच्या पात्यांनी ढकललेली हवा सिलिंडरच्या पंखांमधून, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पातळ कडांमधून, वाहत असल्याने तेथील मळ आणि कीटकांची घरटी आधी खरवडावी लागतात. ठिणगी पडत नसेल तर मॅग्नेटो, म्हणजे फिरत्या चुंबकावर वीज निर्माण करणारी रचना, क्वचितच निकामी झालेली असते. बहुधा फ्लायव्हीलखालच्या प्लॅटिनम पॉइंटवर, म्हणजे विद्युतप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांवर, गंजाचा पातळ थर चढलेला असतो. कार्ब्युरेटरमध्ये सुकलेल्या पेट्रोलची राळ साचते. टू-स्ट्रोक इंजिनाचे वंगण पेट्रोलमधूनच मिळत असल्याने ऑइलचे प्रमाण उत्पादकाने सांगितलेलेच ठेवावे लागते, आणि भाराविना इंजिन बेफाम फिरू नये म्हणून पहिली चाचणी प्रोपेलरचा पंखा पाण्याच्या पिंपात बुडवून घेतात.